भुलीनंतरची उलटी आणि मनगटावरची जागा



रब्बीची सुगी आटोपली, उन्हाळ कांदा चाळीत पडला, की नाशिक जिल्ह्यातल्या गावागावांतून लांबणीवर टाकलेली ऑपरेशने निघतात. कुणाच्या पित्ताशयात खडे असतात, कुणाचा अंतर्गळ उतरलेला असतो, कुणाची गर्भपिशवी काढायची असते. वर्षभर दुखणे अंगावर काढलेले असते. पैशांची तोंडमिळवणी झालेली असते. दुभत्या जनावराची धार कोण काढील हेही शेजारी ठरवून ठेवलेले असते. आणि तरीही ऐन वेळी घरची बाई मागे सरते. म्हणते, "मागल्या खेपेला शुद्धीवर आले ती ओकतच. पोटाला टाके आणि वरून उमासे. त्यापेक्षा हे दुखणं परवडलं."

तिला कुणी भित्री म्हणू नये. भूल देऊन ऑपरेशन झालेल्या १०० माणसांपैकी साधारण ३० जणांना नंतर उलटी होते. नुसती मळमळ तर त्याहून अधिक जणांना होते. उलटी झाली की पोटाच्या टाक्यांवर ताण पडतो, दुखणे वाढते, तोंडाने औषध-पाणी राहत नाही, सलाईन वाढते आणि घरी जाण्याचा दिवस पुढे जातो. ज्या घरात दोनच हात कामाचे आहेत त्या घराला हा एकेक दिवस जड जातो. आणि त्या भीतीपायी ऑपरेशनच टाळले, तर खड्याचे पू होण्यापर्यंत किंवा अंतर्गळाची आतडी अडकण्यापर्यंत मजल जाते. मग तेच ऑपरेशन रात्री-अपरात्री, जिवावर बेतलेले असताना करावे लागते.

तेव्हा आज या उलटीविषयी बोलू. तिला अटकाव करता येतो. त्यातला मोठा भाग डॉक्टरांच्या औषधाचा आहे. दुसरा भाग तुम्ही त्यांना काय सांगता याचा आहे. आणि तिसरा, लहान पण खरा भाग, तुमच्याच मनगटावरच्या एका जागेचा आहे.

उलटी होते कशाने?

पुष्कळांना वाटते की पोटात काही बिघडले म्हणून उलटी होते. तसे नेहमीच नसते. उलटीचा हुकूम सुटतो तो मेंदूच्या मुळाशी असलेल्या एका केंद्रातून. विहिरीवरच्या मोटारीचे बटण एकच, पण ते दाबणारे हात अनेक, तसा हा प्रकार आहे. भुलीचे वायू ते बटण दाबतात. दुखू नये म्हणून दिलेली मॉर्फीन, फेन्टानिल, ट्रामाडॉल यांसारखी औषधे दाबतात. आतड्यांची हाताळणी झाली, पोटात वायू भरून दुर्बिणीने ऑपरेशन केले, टॉन्सिल काढताना रक्त पोटात गेले, कमरेतल्या इंजेक्शनने रक्तदाब उतरला, यांतले काहीही झाले तरी बटण दाबले जाते. आणि कानाच्या आत जो तोल सांभाळणारा भाग आहे, तोही दाबतो. स्ट्रेचर वळवले, मान एकदम उचलली, की घेरी येऊन उमासा येतो तो यामुळे.

हात अनेक असल्याने एकच उपाय करून भागत नाही. म्हणूनच हल्ली भूलतज्ज्ञ ज्याला धोका जास्त त्याला दोन-तीन निरनिराळे उपाय एकदम योजतात.

गाडी लागत असेल तर आधी सांगा

आता मुख्य गोष्ट. कुणाला उलटी होईल याचा अंदाज ऑपरेशनच्या आधी बांधता येतो. जर्मनीतले भूलतज्ज्ञ डॉ. आपफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली चार सोप्या खुणा सांगितल्या. आज जगभर भूलतज्ज्ञ त्या वापरतात.

पहिली खूण, रोगी बाई आहे. दुसरी, विडी-सिगारेट ओढत नाही. तिसरी, पूर्वी ऑपरेशननंतर उलटी झाली होती किंवा प्रवासात गाडी लागते. चौथी, ऑपरेशननंतर मॉर्फीनच्या जातीची दुखण्यावरची औषधे लागणार आहेत.

यांतली एकही खूण नसेल तर १०० पैकी सुमारे १० जणांना त्रास होतो. एक असेल तर २०, दोन असतील तर ४०, तीन असतील तर ६० आणि चारही असतील तर ८०.

दुसरी खूण वाचून कुणी हसेल. विडी ओढणाऱ्याला उलटी कमी होते हे खरे आहे. पण त्याच विडीने भुलीत छाती भरते, नंतर खोकल्याने टाक्यांना हिसके बसतात आणि जखम उशिरा भरते. तेव्हा उलटी टळावी म्हणून कुणी विडी पेटवू नये.

आता आपल्या घराकडे पाहा. आपली माउली बाई आहे, विडी ओढत नाही. कसारा घाटात किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना एसटीच्या खिडकीतून तिचे डोके बाहेर असते. म्हणजे तीन खुणा बसल्या जागी झाल्या. मोठे ऑपरेशन असेल तर चौथीही येते. पण दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "काही त्रास आहे का?" की ती म्हणते, "काही नाही." ऑपरेशनाचा आणि एसटीचा काय संबंध, असे तिला वाटते. पदर सावरून गप्प राहते. सोबतचा पुरुषमाणूसही कागदावर सही करतो आणि बाहेर बसतो.

संबंध आहे तो हाच. ज्याला गाडी लागते त्याला भूलही लागण्याचा संभव असतो. हे एक वाक्य भूलतज्ज्ञाच्या कानावर घातले, तर ते भुलीची पद्धत बदलू शकतात. जमेल तिथे वायूऐवजी शिरेतून भूल देतात किंवा फक्त तेवढाच भाग बधिर करतात. ऑन्डॅन्सेट्रॉन, डेक्सामेथासोन यांसारखी उलटी रोखणारी इंजेक्शने आधीच देतात. मधुमेह असेल तर तेही सांगा, कारण डेक्सामेथासोनने रक्तातली साखर चढते.

मुलांच्या बाबतीतही हे लक्षात ठेवा. तीन वर्षांच्या पुढच्या मुलांना, विशेषतः तिरळ्या डोळ्यांच्या आणि टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर, उलटीचा त्रास पुष्कळ होतो. आई-बापांना किंवा भावंडांना असा त्रास झालेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

मनगटाची गोष्ट आली कुठून?

चिनी वैद्यक फार जुने. त्यात अंगावरच्या ठरावीक जागी बारीक सुया टोचून किंवा ती जागा दाबून उपचार करतात. सुई टोचण्याला ॲक्युपंक्चर आणि नुसत्या दाबण्याला ॲक्युप्रेशर म्हणतात. मनगटाच्या आतल्या बाजूला, जरा वर, एक जागा आहे. तिचे चिनी नाव नेइग्वान. अर्थ साधारण 'आतली वेस' असा. डॉक्टरांच्या पुस्तकांत तिला पी-६ म्हणतात. मळमळीवर ही जागा दाबण्याची चाल चीनमध्ये पूर्वापार आहे.

चीनच्या वैद्यकाशी आपल्या मराठी मुलखाचा एक धागा जुळलेला आहे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस शल्यचिकित्सक होते. आघाडीवर जखमींची ऑपरेशने करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिकडेच वारले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, तो जुन्या मंडळींना आठवत असेल. त्याच पथकातले बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, सुयांचे शास्त्र शिकून आले आणि त्यांनी ते कलकत्त्यात सुरू केले. आपल्या देशात या उपचाराचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतात. लुधियानात या उपचाराचे जे रुग्णालय उभे राहिले त्याला कोटणीसांचेच नाव दिलेले आहे.

पश्चिमेकडच्या लोकांचे लक्ष तिकडे वळले ते १९७१ साली. जेम्स रेस्टन नावाचे अमेरिकेतले नामांकित पत्रकार चीनमध्ये असताना त्यांचे अपेंडिक्स दुखू लागले. पेकिंगच्या रुग्णालयात नेहमीच्या औषधांनी बधिर करून ऑपरेशन झाले. पुढे पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा कोपराला आणि गुडघ्याखाली सुया लावून त्यांना आराम पडला. ही हकिकत त्यांनी आपल्या वृत्तपत्रात लिहिली आणि अमेरिकेत एकच चर्चा झाली.

पण एका माणसाला बरे वाटले एवढ्याने शास्त्र ठरत नाही. उलटीच्या बाबतीत खरी पारख सुरू केली ती उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचे भूलतज्ज्ञ प्राध्यापक जॉन डंडी यांनी. बायकांच्या लहान ऑपरेशनांच्या वेळी मनगटावरच्या त्या जागी सुई लावून त्यांनी पडताळा घेतला आणि १९८६ साली तो छापला. सुई लावलेल्यांना मळमळ-उलटी कमी झाली. पुढे १९९१ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्या जागेच्या आसपास आधी बधिर करणारे इंजेक्शन दिले, तर सुईचा गुण येत नाही. म्हणजे तिथल्या मज्जातंतूंतून काहीतरी निरोप वर जात असला पाहिजे. त्या जागेखालून हाताचा एक मोठा मज्जातंतू जातो. तिथला निरोप मेंदूतल्या त्या बटणाला नेमका कसा आवरतो, याचा पुरता उलगडा मात्र शास्त्राला अजून झालेला नाही.

चाचणी कशी घेतली?

नवे खत आले की तुम्ही काय करता? सगळ्या वावराला एकदम टाकत नाही. चार ओळींना टाकता, चार ओळी तशाच सोडता. दोन्हींकडे पाणी, निगा सारखी ठेवता आणि मग माल मोजता. वैद्यकातही तसेच करतात. मात्र माणसाच्या बाबतीत एक अडचण असते. आपल्याला काहीतरी उपाय केला आहे, एवढ्या समजुतीनेच माणसाला बरे वाटू लागते. म्हणून दुसऱ्या गटालाही पट्टी बांधतात, पण तिचे बटण भलत्याच जागी असते किंवा त्याचा दाब पडत नाही. रोग्याला आपली पट्टी खरी की खोटी हे कळू देत नाहीत.

अशा ५९ चाचण्यांचा आणि त्यांतल्या ७,६६७ माणसांचा एकत्र हिशेब २०१५ साली मांडला गेला. त्यांत सुया होत्या, बटणाच्या पट्ट्या होत्या, विजेचा सूक्ष्म झटका देणारी उपकरणे होती. निष्कर्ष असा निघाला की खोट्या उपचाराच्या मानाने खऱ्या जागेवरच्या उपचाराने मळमळ सुमारे तिसऱ्या हिश्शाने आणि उलटी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. नेहमीच्या उलटीच्या औषधांशी तुलना केली तेव्हा दोन्हींचा गुण जवळजवळ सारखा दिसला.

याचा अर्थ आपल्या भाषेत सांगतो. १०० पैकी ३० जणांना उलटी होणार असेल, तर या उपायाने ती सुमारे १८ जणांना होईल. बारा जणांची सुटका झाली. पण अठरा जण राहिलेच. तेव्हा हा रामबाण नव्हे. चाचण्या सगळ्याच एकसारख्या चोख नव्हत्या, हेही हिशेब मांडणाऱ्यांनी स्वच्छ सांगितले आहे. तरीही २०२० साली तज्ज्ञांनी मिळून जी जागतिक शिफारशींची यादी काढली, तिच्यात औषधांच्या जोडीला या उपायालाही जागा दिली आहे. कारण खर्च नाही, अपाय जवळजवळ नाही आणि गुण आहे. कुणाची कातडी जरा लाल होते, कुणाचे मनगट थोडे दुखते, इतकेच.

आणखी एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. सुई टोचली काय किंवा नुसता दाब दिला काय, गुणात स्पष्ट फरक आढळला नाही. सुई लावणारा जाणकार तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असेलच असे नाही. अंगठा मात्र सगळ्यांनाच आहे.

जागा कशी शोधावी?

हे वाचता वाचता स्वतःच्या हातावर करून पाहा.

तळहात आपल्याकडे करून हात समोर धरा. तळहात संपून मनगट सुरू होते तिथे आडवी रेघ दिसेल. बांगड्या असतील तर कोपराकडे सरकवा. आता दुसऱ्या हाताची तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, एकमेकांना चिकटवून मनगटावर आडवी ठेवा. अनामिका त्या रेघेला टेकलेली हवी. वरच्या बाजूला तर्जनीची कड जिथे येईल ती उंची ध्यानात ठेवा.

मग बोटे काढा, मूठ जराशी आवळा आणि मनगट आत वाकवा. मधोमध दोन ताठ दोऱ्या उठून दिसतील. या रक्ताच्या शिरा नव्हेत. स्नायूला हाडाशी बांधणारे हे कंडरे आहेत. त्या दोन दोऱ्यांच्या मधली, तर्जनीच्या कडेच्या उंचीवरची खाच हीच ती जागा. काही माणसांना जन्मतः एकच दोरी असते. घाबरू नये. तशा वेळी मनगटाच्या मधोमध, त्याच उंचीवर दाबावे.

तीन बोटांचे माप रोग्याच्याच बोटांनी घ्यायचे. लहान पोराच्या मनगटावर बापाची जाड बोटे ठेवली तर जागा चुकते.

अंगठ्याने सरळ खाली, बऱ्यापैकी जोर देऊन दाबा. आत खोल ठणक लागली म्हणजे जागा बरोबर. बोटांना झिणझिण्या येऊ लागल्या तर जोर कमी करा. दोन-तीन मिनिटे दाबा, सोडा, मग दुसऱ्या हातावर करा. मळमळ परतली की पुन्हा करा.

पट्टी वापरायची असेल तर औषधांच्या दुकानात गाडी लागू नये म्हणून बटणाच्या मनगटी पट्ट्या कुठे कुठे मिळतात. त्याच या कामाच्या. नाही मिळाली तर रुंद इलॅस्टिकच्या पट्टीला आतून एक गोल गुळगुळीत बटण टाका घालून शिवावे. पट्टी स्वच्छ धुतलेली असावी. बटण बरोबर जागेवर बसवावे. बोटे निळी किंवा बधिर झाली, हात सुजला, तर लगेच काढावी.

केव्हा करावे, केव्हा करू नये?

पट्टी सहसा भूल देण्याआधी बांधतात आणि ऑपरेशननंतर काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवतात. पण ऑपरेशनच्या खोलीत काय न्यायचे आणि काय नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिथल्या डॉक्टरांचा. म्हणून आदल्या दिवशीच विचारा, "डॉक्टर, मनगटावर मळमळीची पट्टी बांधली तर चालेल का?" नको म्हणाले तर हट्ट धरू नका. वॉर्डात आणल्यावर सोबतच्या माणसाने अंगठ्याने दाबावे. उशाशी बसून काय करावे हे सोबत्याला कळत नसते. त्याला हे एक उपयोगी काम मिळते.

ज्या हाताला सलाईनची सुई आहे, जखम आहे, सूज आहे, किंवा डायलिसिससाठी ज्या हातावर शिरा जोडलेल्या आहेत, त्या हातावर दाबू नये. दुसऱ्या हातावर करावे.

सुई टोचून घ्यायचीच असेल तर ती जाणत्याकडूनच. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केलेला आहे आणि त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद आहे. परिषदेकडे नोंद आहे का, हे विचारायला लाजू नये. सुई दर वेळी नवी, पाकीट समोर फोडून काढलेली हवी. वापरलेल्या सुईने कावीळ आणि एड्ससारखे रोग एकाचे दुसऱ्याला लागतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगावे. जत्रेत किंवा बाजारच्या दिवशी तंबू ठोकून "सुई लावतो, ऑपरेशनच टाळतो" असे ओरडणाऱ्याच्या नादी तर मुळीच लागू नये. या जागेने उलटी कमी होते. खडा विरघळत नाही आणि अंतर्गळ बसत नाही.

उपास आणि चहा

मनगट दाबले म्हणून उपाशीपोटी राहण्याच्या नियमात सूट मिळत नाही, हे पक्के ध्यानात असू द्या. भुलीत घशाची राखण सुटते. पोटात अन्न असले आणि ते वर आले, तर श्वासनळीतून फुप्फुसात उतरते. त्याने माणूस दगावू शकतो. म्हणून साधे हलके अन्न आणि दूध ऑपरेशनआधी निदान सहा तास बंद, तळलेले-तुपकट असेल तर आठ तास. निव्वळ पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते. तुमचे डॉक्टर जी वेळ सांगतील ती खरी.

यात घोळ होतो तो चहाचा. "दोन घोट चहाच तर घेतला," असे म्हणून लोक सांगत नाहीत. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे. चुकून घेतला असेल तर लपवू नका. ऑपरेशन चार तास पुढे गेलेले बरे.

ऑपरेशननंतरही घाई नको. "पोटात काही नाही, म्हणून मळमळतंय," असे म्हणत आजी पेल्यात चहा-बिस्कीट बुडवून भरवायला बघते. माया खरी, पण वेळ चुकीची. नर्सबाईंनी हो म्हटल्यावर आधी पाण्याचा एकेक घोट, तो राहिला तर मग पुढचे. उमासा आला तर मान एका कुशीवर वळवावी. उताणे ठेवून तोंड दाबू नये. पोटावर टाके असतील तर उशी किंवा घडी केलेली चादर दोन्ही हातांनी टाक्यांवर धरावी. त्याने ताण कमी पडतो. एकदम उठवून बसवू नये. आणि मळमळ वाटली की नर्सबाईंना लगेच सांगावे. ओकारी येईपर्यंत सोसत बसण्यात शहाणपण नाही. औषध आधी दिले तर लवकर लागू पडते.

घरी जाताना जीपमध्ये मागच्या आडव्या बाकावर बसवू नये. पुढे, ड्रायव्हरशेजारी बसवावे, नजर समोर रस्त्यावर ठेवायला सांगावे. घाट असेल तर सावकाश न्यायला सांगावे आणि निघण्याआधीच मनगट दाबायला सुरुवात करावी.

इथे दाबत बसू नका

आता सर्वांत महत्त्वाचे. काही उलट्या भुलीच्या नसतात. आत काही बिघडल्याची ती हाक असते. घरी आल्यावर पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, उलट्या एक दिवस उलटला तरी थांबत नसतील, उलटी हिरवी-पिवळी किंवा रक्ताची होत असेल, पोट फुगून टम्म झाले असेल आणि वारा सरत नसेल, ताप चढला असेल, पोटात असह्य कळा येत असतील, लघवी सहा-आठ तास झाली नसेल, किंवा माणूस गुंगीत जात असेल, तर मनगट दाबत बसू नका. मेडिकलमधून उलटीची गोळी आणून रात्र काढू नका. लगेच ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात न्या. पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवरून गाडी मिळायला उशीर होतो हे ठाऊक आहे. म्हणूनच वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

शेवटी एक सांगतो. भूलतज्ज्ञ हा ऑपरेशनच्या वेळी तुमच्या श्वासावर आणि नाडीवर पहारा देणारा माणूस. पण ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे नाव आपण विचारतो आणि भूल देणाऱ्याचे नावही विचारत नाही. पुढच्या वेळी विचारा. त्यांच्याशी पाच मिनिटे बोला. बाईमाणूस बोलायला संकोचत असेल तर सोबतच्याने बोलावे. पण गाडी कुणाला लागते हे तिचे तिलाच नीट माहीत, तेव्हा तिला समोर बसवूनच बोलावे.

खालचा मजकूर कापून ठेवा आणि दवाखान्याच्या कागदांच्या पिशवीत टाका.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगा:
१. मला प्रवासात गाडी लागते. (किंवा लागत नाही.)
२. मागे अमुक साली ऑपरेशन झाले तेव्हा उलट्या झाल्या होत्या. घरात आणखी कुणाला झाल्या होत्या.
३. विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री, दारू यांपैकी हे चालते.
४. मधुमेह, रक्तदाब, दमा आहे. रोज ही औषधे घेतो. (गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.)
५. अमुक औषधाची ॲलर्जी आहे.
६. शेवटचे खाणे आणि चहा इतक्या वाजता झाला.
७. मनगटावर मळमळीची पट्टी बांधली तर चालेल का?